कात्रीकाम म्हणे!

नातवाच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एक प्रश्न आहे. ‘जगातला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट कोणता?’ खाली उत्तर छापलंय, ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स, वॉल्ट डिस्ने, १९३७’. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. आंतरशालेय प्रश्नमंजूषेच्या निमित्ताने अशी पुस्तकं ढिगाने चाळली. पुस्तकांची मुखपृष्ठं रंगीत झाली, किमती चौपट झाल्या, पण हे उत्तर काही जागचं हललं नाही. आणि मंडळी, हे उत्तर चूक आहे.

वजाबाकी दुसरीतल्या मुलालाही जमेल अशी आहे. २ मे १९२६ रोजी बर्लिनच्या ‘फोल्क्सब्यूने’ या नाट्यगृहात ‘राजपुत्र आख्मेदची साहसं’ हा सुमारे पासष्ट मिनिटांचा ॲनिमेशनपट दाखवला गेला. तो केला होता लॉटे रायनिगर नावाच्या बाईने. तेव्हा तिला सत्ताविसावं वर्ष पुरं व्हायलाही एक महिना होता. ‘स्नो व्हाइट’ पडद्यावर आला डिसेंबर १९३७ मध्ये. म्हणजे अकरा वर्षांनी! त्याहीपूर्वी, १९१७ साली, अर्जेंटिनात क्विरिनो क्रिस्तियानी याने ‘एल अपोस्तोल’ हा मोठा ॲनिमेशनपट केला होता, पण त्याची एकही प्रत उरलेली नाही. त्यामुळे आज आपल्याला बघता येईल असा सगळ्यात जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट म्हणजे रायनिगरबाईंचा. पारदर्शक सेल्युलॉइडवर हाताने रंगवलेल्या चित्रांचा, ज्याला ‘सेल ॲनिमेशन’ म्हणतात त्या जातीचा पहिला मोठा चित्रपट ‘स्नो व्हाइट’, असं म्हटलं तर माझं काहीच म्हणणं नाही. पण ती अट पुस्तकात कधीच छापलेली नसते. अट गळते आणि ‘पहिला’ तेवढा उरतो.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं काय त्यात? एक प्रश्न, एक गुण. मलाही हा वाद नुसता सालाचा वाटला असता तर मी लिहायला बसले नसते. पण गेल्या वर्षी आमच्या वाचनमंडळात मी हा चित्रपट मुद्दाम दाखवला. सगळ्यांनी मनापासून पाहिला, टाळ्याही वाजवल्या. नंतर चहाच्या वेळी एक गृहस्थ (चांगले शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले) म्हणाले, “छान आहे हो, पण शेवटी कात्रीकामच ना! खरा सिनेमा म्हणजे डिस्ने.” आणि एक भगिनी म्हणाल्या, “नटी व्हायला निघाली होती ना? ते नसेल जमलं, म्हणून बसली असेल कागद कापत.”

ही दोन वाक्यं माझ्या डोक्यातून जाईनात. पुस्तकातलं चुकीचं उत्तर आणि ही दोन वाक्यं एकाच मुळातून उगवली आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून हा प्रपंच.

आधी ‘नटी व्हायचं जमलं नाही’ हे घेऊ.

लॉटेचा जन्म २ जून १८९९ चा, बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबुर्गचा. लहानपणापासून कात्री हातात. कागदातून माणसं, प्राणी कापायची आणि घरातल्या घरात सावल्यांचं नाटक करायची. शाळकरी वयात सिनेमाचं वेड लागलं. पाउल वेगेनर हा त्या काळचा मोठा नट. १९१५ साली त्याचं एक व्याख्यान तिने ऐकलं. कॅमेऱ्याच्या करामतींतून काय काय अद्भुत घडवता येईल, हा विषय होता. मग तिने आईवडिलांच्या मागे लागून माक्स राइनहार्टच्या नाट्यशाळेत प्रवेश मिळवला. राइनहार्ट म्हणजे जर्मन रंगभूमीवरचं केवढं मोठं नाव! तिथे ही पोर काय करायची, तर विंगेत उभी राहून रंगमंचावरच्या नटांच्या छायाकृती कात्रीने कापायची. नट भूमिकेत कसा उभा राहतो, मान कशी टाकतो, हात कुठे थांबतो, हे सगळं एका काळ्या कागदात.

वेगेनरने ते पाहिलं आणि आपल्या चित्रपटांच्या शीर्षकांसाठी तिच्याकडून छायाकृती करून घेतल्या. १९१८ मध्ये त्याने ‘हॅमेलिनचा पुंगीवाला’ केला. खरे प्राणी काही दिग्दर्शकाचं ऐकेनात, तेव्हा लाकडी उंदीर करून ते एकेक चौकटीला थोडे थोडे सरकवून चालवायचं ठरलं. ते उंदीर चालवणाऱ्यांत लॉटे होती. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, बर्लिनच्या एका संस्थेत तिने स्वतःचा पहिला छोटा छायापट केला.

आता सांगा, यात ‘जमलं नाही’ कुठे आलं? तिने अभिनय सोडला नाही, फक्त त्याची जागा बदलली. स्वतःचं शरीर वापरण्याऐवजी ती बोटांतून अभिनय करायला लागली.

हे नीट कळायला तिचं काम कसं चालायचं ते पाहायला हवं. काळ्या कार्डबोर्डचे आणि शिशाच्या पातळ पत्र्याचे तुकडे कापायचे. डोकं वेगळं, मान वेगळी, दंड, कोपरापासून मनगट, पंजा, कंबर, मांडी, पोटरी, सगळं वेगळं. हे तुकडे बारीक तारेने सांध्यांवर जोडायचे. मग ते पात्र काचेच्या टेबलावर आडवं ठेवायचं, खालून उजेड सोडायचा, वरून कॅमेरा लावायचा. पात्र केसभर हलवायचं, एक चित्र घ्यायचं. परत केसभर, परत एक चित्र. आजच्या सेकंदाला चोवीस चौकटींच्या हिशेबाने एका मिनिटाला १४४० चित्रं होतात. पासष्ट मिनिटांचा गुणाकार तुम्हीच करा.

आणि या पात्रांना डोळे नाहीत. भुवया नाहीत, रंग नाही, ओठांवर हसू नाही. नट ज्या चेहऱ्यावर जगतो तो चेहराच काळाकुट्ट. उरते फक्त कडा. तरीही परी बानू तळ्यावर आंघोळीला उतरते, आपला पिसांचा पेहराव चोरीला गेल्याचं तिला कळतं, तेव्हा तिची भीती आपल्याला दिसते. खांदा किती उचलला, मान किती वळली, बोटं कशी पसरली, एवढ्यावरच. बाहुलीच्या मनगटात लाज आणि मानेत राग आणायला आधी तो स्वतःच्या अंगात यावा लागतो. राइनहार्टच्या शाळेत ती जे शिकली ते वाया गेलं नाही, तर पूर्णपणे वसूल झालं. मी तर म्हणेन, त्या चित्रपटातल्या प्रत्येक पात्राची भूमिका लॉटे रायनिगरने केली आहे. राजपुत्राची, परीची, जादूगाराची आणि उडत्या घोड्याचीसुद्धा!

आता ‘कात्रीकाम’.

हा शब्द किती सहज वापरला गेला! कॅमेऱ्याला आपण तंत्र म्हणतो, ब्रशला कला म्हणतो, आणि कात्रीला मात्र ‘काम’ म्हणतो. का? तर कात्री शिवणाच्या डब्यात असते. ज्या हत्याराला घरातल्या बायकांचा हात लागला त्याची किंमत आपोआप उतरते. विणकाम, भरतकाम, कात्रीकाम... हे सगळे ‘छंद’. दुपारचा वेळ घालवायचे उद्योग.

त्या ‘उद्योगा’चा आवाका बघा. १९२३ साली जर्मनीत चलनाची धूळधाण झाली होती, सकाळी कमावलेला पगार संध्याकाळी कवडीमोल. लुई हागेन नावाच्या एका बँकरने पैसा बुडण्यापेक्षा बरा म्हणून कोऱ्या फिल्मचा मोठा साठा घेऊन ठेवला होता. त्याने लॉटेला विचारलं, याच्यावर पूर्ण लांबीचा चित्रपट कराल का? त्या काळी ॲनिमेशन म्हणजे दहा मिनिटांची गंमत, पोट धरून हसायची. तासाभराची गोष्ट कोणी बघेल यावर विश्वास ठेवणारे विरळाच. तिने हो म्हटलं. पोट्सडॅमला हागेनच्या घराजवळ गॅरेजच्या माळ्यावर स्टुडिओ उभा राहिला. नवरा कार्ल कॉख कॅमेऱ्यावर, सोबत वाल्टर रुटमान, बेर्टोल्ड बार्टोश आणि आणखी दोनेक सहकारी. एवढ्या माणसांनी तीन वर्षं खपून १९२६ मध्ये चित्रपट पुरा केला.

तिथे त्यांनी आणखी एक गोष्ट केली. काचेचे थर एकाखाली एक ठेवले, पात्रं एका थरावर, मागचं दृश्य दुसऱ्यावर. त्यामुळे सपाट कागदात खोली आली. पुढे डिस्नेच्या स्टुडिओने १९३७ मध्ये ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात आपला ‘मल्टिप्लेन’ कॅमेरा वापरला आणि त्याचं जगभर कौतुक झालं. तो कॅमेरा फार मोठा आणि फार गुंतागुंतीचा होता, हे मान्यच. पण थर वेगळे करून खोली निर्माण करायची युक्ती त्या गॅरेजच्या माळ्यावर दहा-बारा वर्षं आधी चालत होती. तिला कोणी शोध म्हटलं नाही. कात्रीकामच ना ते!

माझं डिस्नेशी वैर नाही. ‘स्नो व्हाइट’ मला आवडतो, मुलांनाही आवडतो. पण तो शेकडो माणसांच्या कारखान्यात, सुमारे १५ लाख डॉलर खर्चून झालेला चित्रपट आहे. कारखान्यामागे जाहिरात असते, वितरण असतं, वकील असतात, आणि इतिहास कसा सांगायचा हे ठरवण्याइतका पैसा असतो. गॅरेजच्या माळ्यावर काम करणाऱ्याकडे यातलं काही नसतं. म्हणून ‘पहिला’ कोण हे ठरवताना आपण नकळत ‘सर्वांत मोठा’ कोण ते लिहून मोकळे होतो. माझा आक्षेप तिथे आहे.

आणखी एक गोष्ट सांगते, ती वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. १९३८ साली डिस्ने स्टुडिओने नोकरीचा अर्ज करणाऱ्या एका तरुणीला नकाराचं पत्र पाठवलं. ते पत्र आज प्रसिद्ध आहे. व्यंगचित्रपटांतलं सर्जनशील काम बायका करत नाहीत, ते पूर्णपणे तरुण पुरुषांचं काम आहे, असा त्याचा आशय. बायकांसाठी होतं ते काय, तर पुरुषांनी काढलेल्या रेघा सेल्युलॉइडवर गिरवणं आणि त्यात रंग भरणं. ‘स्नो व्हाइट’ची हजारो चित्रं अशी बायकांनीच गिरवली आणि रंगवली. हे पत्र लिहिलं गेलं तेव्हा एका बाईने केलेला अख्खा चित्रपट येऊन बारा वर्षं झाली होती! बायकांना सर्जनशील काम जमतं की नाही, या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर आधीच देऊन झालं होतं. ते कोणाला पाहायचंच नव्हतं.

बरं, सावल्यांची ही कला परकी आहे म्हणून आपल्याला उमगत नाही, असंही म्हणायची सोय नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे कलाकार पिढ्यान् पिढ्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करत आले आहेत. चामड्यातून कापलेली पात्रं, मागे दिवा, पुढे पांढरा पडदा, आणि रामायणाची कथा. चित्रकथीही त्यांचीच. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा कुठे आपल्या वर्तमानपत्रांना पिंगुळीचा रस्ता सापडला. तोवर ती ‘लोककला’. म्हणजे गणेशोत्सवात दहा मिनिटं बघायची आणि विसरायची. रायनिगरबाईंनी १९७० मध्ये सावल्यांच्या रंगभूमीवर आणि छायापटांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा आपण एका फार जुन्या घराण्यातल्या आहोत याची त्यांना पुरती जाणीव होती. जाणीव नाही ती आपल्याला.

आता तिसरा मुद्दा. तो वाचनमंडळात कोणी बोललं नाही, पण आपल्याकडे तो कायम हवेत असतो. ‘ह्याने पोट भरतं का?’

माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. गणपतीच्या दिवसांत साध्या पांढऱ्या कागदातून अशी मखर कापायची की बघत राहावं. जाळी, मोर, वेलबुट्टी, सगळं हाताने, आखणी न करता. तिला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसवावं म्हणून मी घरी गेले तर वडिलांनी हाच प्रश्न विचारला. शाळाही काही वेगळी नव्हती. दहावीच्या वर्गाला कार्यानुभवाचा तास म्हणजे गणिताचा जादा तास, हे ठरलेलंच. त्या मुलीची मला कीव करायची नाही, ती बँकेत लागली, सुखात आहे. घरची मखर अजून तीच कापते, आणि येणारे जाणारे विचारतात, ‘कुठून विकत आणलीत?’

तर, पोट भरतं का? रायनिगरबाईंचं भरलं, पण सोपं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मोठ्या कंपनीच्या आश्रयाशिवाय काम करायचं म्हणजे मिळेल ते काम चोख करायचं. १९२२ मध्ये त्यांनी निव्हिया क्रीमची जाहिरात केली. १९३८ मध्ये ब्रिटिश पोस्टखात्याच्या चित्रपट विभागासाठी ‘द टोचर’ हा छायापट केला, पोस्टाच्या बचत बँकेचा प्रचार करणारा! पोस्टात खातं काढा, हे सांगायलाही त्यांनी परी, राजवाडा आणि प्रेमकथा आणली. मित्र झाँ रन्वार याच्या ‘ला मार्सेयेज’मध्ये सावल्यांच्या खेळाचा प्रसंग त्यांचाच.

मधे नाझी राजवट आली. ज्यू मित्र, डाव्या विचारांची मंडळी, असा यांचा गोतावळा. देश सोडला, पण कायम राहायची परवानगी कुठे मिळेना. एका देशातून दुसऱ्या देशात, व्हिसा संपला की पुढचं गाव. अशा फिरतीत काम चालूच. १९४४ मध्ये आजारी आईसाठी बर्लिनला परतावं लागलं. १९४९ मध्ये लंडनला आल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर नव्याने सुरुवात केली. १९५३ मध्ये ‘प्रिमरोज प्रॉडक्शन्स’ ही संस्था निघाली, तीत भागीदार होता त्याच बँकर हागेनचा मुलगा! तिथे टीव्हीसाठी सिंड्रेला, अल्लादिन अशा परीकथांचे छायापट एकामागून एक केले. त्यांतल्या ‘शूर शिंप्या’च्या गोष्टीला १९५५ मध्ये व्हेनिसला पारितोषिक मिळालं. १९६३ मध्ये कार्ल कॉख गेले. त्यानंतर बराच काळ चित्रपट थांबले. पण पंचाहत्तरीच्या घरात कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने बोलावलं तेव्हा बाई गेल्या आणि १९७५ मध्ये ‘ओकासां आणि निकोलेत’ करून दाखवला. ‘द रोझ अँड द रिंग’ १९७९ चा, म्हणजे वयाच्या ऐंशीव्या वर्षी! १९ जून १९८१ रोजी त्या गेल्या. १९१६ ते १९७९, साठ वर्षांहून जास्त. याला छंद म्हणायचं असेल तर मग करिअर कशाला म्हणायचं ते तरी मला समजावून सांगा.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी एकतर्फी लिहिते असं म्हणाल. ‘आख्मेद’मधला आफ्रिकी जादूगार आणि चिनी पात्रं ज्या नाकाडोळ्यांनी कापली आहेत ती आज खटकतात. युरोपला पूर्व जशी दिसायची तशी ती आहेत आणि मुलांना दाखवताना हे बोलून दाखवायला हवं. कार्ल कॉखचा कॅमेरा आणि रुटमानची जादूची दृश्यं नसती तर चित्रपट असा झाला नसता, हेही खरं. पण त्यासाठी बाईंचं नाव पुसायची गरज नाही. ‘स्नो व्हाइट’ वॉल्ट डिस्नेने एकट्याने काढला का? तिथे शेकडो हात एका नावाखाली बिनबोभाट मावतात, मग इथे चार सहकारी निघाले की लगेच ‘तिने एकटीने कुठे केलं?’ असं का?

आणि शेवटी ज्याला आपण कात्रीकाम म्हणतो ते टिकलं कसं, तेही ऐका. ‘आख्मेद’ची मूळ निगेटिव्ह युद्धात बर्लिनमध्ये नष्ट झाली. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एक जुनी रंगछटा दिलेली प्रत राहिली होती, तिच्यावरून १९९९ च्या सुमाराला फ्रँकफुर्टच्या चित्रपट संग्रहालयाने तो मूळ रंगांसह पुन्हा उभा केला. म्हणजे एक प्रत वाचली म्हणून आपण ‘पाहता येणारा सर्वांत जुना’ असं म्हणू शकतो. नाहीतर क्रिस्तियानीसारखंच झालं असतं, आणि सामान्यज्ञानवाल्यांचं उत्तर कोणाला खोडताच आलं नसतं.

म्हणून माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. सामान्यज्ञानाची पुस्तकं काढणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत ते उत्तर दुरुस्त करावं. फार तर अर्धी ओळ वाढेल. आणि शाळांनी कार्यानुभवाचा तास कार्यानुभवालाच द्यावा. सगळ्या मुली रायनिगर होणार नाहीत, तशी गणिताच्या जादा तासानेही सगळी मुलं रामानुजन झालेली मी पाहिली नाहीत. पण वर्गात एखादी मुलगी कात्री हातात घेऊन कागदात काहीतरी शोधत असेल, तर निदान ‘हा तुझा छंद छान आहे हं’ असं तिला म्हणू नका. तिला विचारा, हे पुढे कुठे न्यायचा विचार आहे? एवढं विचारायला कुठल्याही शासनाचा जीआर लागत नाही.